सुपातल्या पन्नास मिरच्या

आमच्या नंदुरबारच्या रनिंग क्लबात अकरा सभासद, एक शिट्टी आणि एक वही आहे. शिट्टी सरांची, वही माझी. कोण किती वाजता आला, किती पळाला, कोणी पाच किलोमीटर सांगून तीनच्या वळणावर चहा घेतला, हे सगळं वहीत असतं. मी ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. फुटलेल्या परीक्षानळ्या, उरलेलं स्पिरिट आणि हरवलेल्या कात्र्या यांच्या याद्या करण्यात माझी तेवीस वर्षं गेली. क्लब निघाला त्या सकाळी सरांनी विचारलं, "नोंदी कोण ठेवणार?" तेव्हा बाकी सगळे बुटाच्या नाड्या बांधायला एकदम खाली वाकले. उभी राहिलेली मी एकटीच होते.

कोरोना आला तसा क्लब घरात बसला. पण वही बंद ठेवणं माझ्याच्याने होईना, म्हणून मी त्यात 'जागा' असा नवा रकाना आखला आणि रोज सकाळी फोन करून विचारू लागले. गच्ची, अंगण, जिना, गोठा अशी उत्तरं येत. मेडिकल दुकानवाले भाऊ पलंगाभोवती पळत. रोज सहा किलोमीटर. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने पलंग सरकवून भिंतीला लावला आणि त्यांची नोंद बंद पडली.

मग हिवाळ्यात, बंधनं जरा सैल झाल्यावर, एका मोठ्या शहरातल्या मंडळींनी व्हर्च्युअल मॅरेथॉन काढली. तुम्ही आपापल्या गावात पळायचं, मोबाईलमधल्या ॲपने अंतर मोजायचं, ती नोंद त्यांना पाठवायची. आठवडाभरात कधीही पळा, फक्त सगळं अंतर एका दिवसात आणि एकाच नोंदीत हवं. मेडल घरपोच. कुठे जायला नको, लॉजमध्ये राहायला नको, सुरुवातीच्या रेघेवर मोबाईल टॉयलेटच्या रांगेत उभं राहायला नको. मी सगळ्यांचे फॉर्म भरले. दहा किलोमीटरला सात जण, एकवीसला तीन आणि पूर्ण बेचाळीसला एक. तो एक म्हणजे सर.

सर आमच्या शाळेत पीटी शिकवत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी बोलताना अजून समोरच्याला सावधान उभं करतात. आयुष्यात एक पूर्ण मॅरेथॉन करायची, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता आणि तो दोनदा फसला होता. पहिल्या वेळी पस्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत असे गोळे आले की दोघांनी उचलून बाजूला ठेवलं. दुसऱ्या वेळी वेळ संपली म्हणून मागून बस आली आणि कंडक्टरसारख्या माणसाने त्यांना, "चला काका, बसा," म्हटलं. गोळ्यांचं त्यांना काही वाटलं नाही. 'काका' मात्र फार लागलं.

त्यात उजवा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी तो बदलायचा म्हणून सांगितलं होतं, पण कोरोनामुळे असली तातडीची नसलेली ऑपरेशनं बंद होती. थोडक्यात गुडघ्याला मुदतवाढ मिळाली होती. ऑपरेशननंतर पळणं कायमचं बंद. म्हणजे जे काय व्हायचं ते याच हिवाळ्यात. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझ्यासमोर त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

"शेवटलं हं. एकदाच. मंग बूट पोऱ्याले दी टाकसू."

"पोऱ्याचा पाय मोठा आहे," सर म्हणाले.

"मंग भांडीवालीले."

माझं आणि सरांचं एक जुनं प्रकरण आहे, ते इथेच सांगून टाकते. आठवीत असताना शाळेच्या मैदानावर मुलींच्या आठशे मीटरमध्ये मी पहिली आले होते. सरांनी शिट्टी मारली आणि शेवटच्या वळणावर मी फक्कीची पांढरी रेघ ओलांडून आत गेले, असं सांगून माझं नाव काढलं. बक्षीस दुसऱ्या मुलीला गेलं. स्टीलचा झाकणाचा डबा होता. गेली पस्तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले आहे की मी रेघ ओलांडली नव्हती. लग्नात सासरच्यांनाही सांगितलं होतं.

तर, शर्यतीच्या आठवड्याला अजून नऊ दिवस होते आणि मेडलं आली.

कुरियरवाला अकरा पाकिटं माझ्याच घरी टाकून गेला, कारण पत्ता माझा दिला होता. मी आयोजकांना फोन लावला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की पोस्टाला उशीर होतो म्हणून त्यांनी सगळ्यांना आधीच पाठवून दिली आहेत. मी विचारलं, "आणि कोणी पळालाच नाही तर?" ती म्हणाली, "मॅम, वी ट्रस्ट यू." एवढा विश्वास माझ्यावर आमच्या कॉलेजनेही कधी टाकलेला नाही.

पाकिटं मी त्याच दिवशी वाटली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सभासदांपैकी सहा जणांनी गळ्यात मेडल घालून फोटो टाकले होते. एकाने सोफ्यावर बसून काढला होता आणि हातात भज्यांची बशी होती. मी वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: मेडल मिळाले, पळणे बाकी.

सरांचं पाकीट घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी ते हातात धरून तोललं, उलटंपालटं केलं आणि न फोडता टीव्हीशेजारी उभं करून ठेवलं.

"अहो, उघडा तर. दखू तरी कसं शे," काकू म्हणाल्या.

"अजून माझं नाही ते."

"तुमनाच नावनं शे. पत्ताबी तुमना."

"पत्ता हिचा आहे," सर म्हणाले. "बेचाळीस किलोमीटर पळेन त्या दिवशी उघडीन. नाही पळालो तर परत पाठवायचं. अगं, परत पाठवायला काय लागतं, ते वहीत लिहून ठेव."

मी लिहिलं नाही. काकू त्या दिवसापासून टीव्ही पुसताना पाकिटाला मुद्दाम जरा जोरात फडकं मारत.

मग जागेचा प्रश्न. मी सात जागांची यादी केली आणि एकेक खोडत गेले. शाळेचं मैदान कोविड सेंटरमुळे बंद. बायपासवर ट्रक. नदीकाठच्या रस्त्यावर कुत्री, आणि त्या दिवसांत ती माणसांपेक्षा जास्त होती. शेवटी उरली ती मिरचीची पथारी. आमचे एक सभासद मिरचीचे व्यापारी आहेत. गावाबाहेर त्यांचं मोठं मोकळं रान आहे आणि हिवाळाभर त्यावर लाल मिरची वाळत पडलेली असते, कडेकडेने ट्रॅक्टर फिरण्यापुरती वाट सोडून. शेठ म्हणाले, "पळा ना ताई, पण मिरचीवर पाय देऊ नका. आणि नंतर डोळ्याला हात लावू नका."

एका रविवारी मी आणि मेडिकलवाले भाऊ तीस मीटरची टेप घेऊन गेलो. ती वाट मोजली, दोन वळणं खुंट्या मारून जरा आत घेतली आणि फेरी बरोबर आठशे चव्वेचाळीस मीटरवर आणली. अठ्ठावीस वेळा टेप आणि वर चार मीटर. पन्नास फेऱ्या झाल्या की पूर्ण मॅरेथॉन, वर पाच मीटर भूतदया. मग मी कडेने फक्की मारली. सर कमरेवर हात ठेवून बघत होते.

"रेघ सरळ मार," ते म्हणाले. "नंतर भांडणं होतात."

मी फक्कीचं घमेलं जरा जोरात ठेवलं.

मिरचीच्या रानात पळायला अडचण एकच. सकाळी दव असतं तोवर ठीक. नऊनंतर ऊन वर आलं आणि बायकांनी मिरची उलथायला घेतली की हवेत असा काही तिखट धुरळा उठतो की घसा आपोआप बोलायला लागतो. आठवडाभर आमचे बाकीचे दहा जण दोन-दोन करून तिथे आपापलं अंतर पुरं करत होते आणि खोकत होते. त्या दिवसांत माणूस खोकला की शेजारी घराची खिडकी लावायचा. इथे तर रस्त्याकडेला रोज माणसं खोकत खोकत पळताना दिसत होती. एक मोटरसायकलवाला आम्हाला बघून गाडी वळवून उलटा गेला. मिरचीचे देठ खुडायला येणाऱ्या बायका मात्र निवांत. त्यांच्या नाकातोंडाला ओढणी किंवा गमछा कित्येक हिवाळे बांधलेला. जगाला मास्क लावायला कोरोना लागला, यांना मिरची पुरली होती.

शेवटचा रविवार सरांचा.

पहाटे साडेपाचला त्यांनी स्वतःच शिट्टी मारली आणि स्वतःच पळायला सुरुवात केली. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दंडाला बांधलेला, त्याचा टॉर्च लावलेला. माझी व्यवस्था अशी होती: ॲप अंतर मोजेलच, पण यंत्राचा भरवसा मी धरत नाही, म्हणून वाटेच्या कडेला एका उलट्या पाटीवर सूप ठेवलं होतं. एक फेरी झाली की ढिगातली एक मिरची सुपात. दहा मिरच्या झाल्या की मी वहीत दहा लिहायचे, वेळ टाकायची आणि सूप रिकामं करायचं. पाणी, मीठ-साखर, केळी, गुडघ्याचा पट्टा, पंखा म्हणून पुठ्ठा आणि माझ्यासाठी स्टूल. यादीत एकोणीस वस्तू होत्या आणि एकोणीसच्या एकोणीस आल्या होत्या. मेडिकलवाले भाऊ बीपीचं मशीन घेऊन आठपर्यंत बसले, मग दुकान उघडायला गेले.

आठ वाजता बायका आल्या. दहा-बारा जणी ढिगाभोवती गोल बसल्या आणि देठ खुडू लागल्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या आजीबाईंनी दोन फेऱ्या सरांना निरखून पाहिलं आणि तिसऱ्या फेरीला हाक मारली.

"ओ बाबा! कोन मांगे लागनं तुमना?"

"डॉक्टर!" सर न थांबता म्हणाले.

"मंग पया, पया!"

सगळ्या जणी हसल्या. पुढच्या फेरीला आजींनी विचारलं, "जानं कोठे शे?"

"कोठेच नही. आठेच येनं शे," सर पायाखाली बोट दाखवत म्हणाले.

"अरे देवा! मन्हं माहेर म्हसावद शे. इतलं पयतात तर म्हसावदले पोची जातात. भाकर तरी भेटती."

नऊ पंचावन्नला तीस फेऱ्या झाल्या. मी वहीत तीस लिहिलं, वेळ लिहिली आणि सूप रिकामं केलं. सरांचा चेहरा मिरचीच्या रंगाला गेला होता, पण पाय चालत होते. धुरळा उठायला लागला होता. सर खोकत होते, मी खोकत होते, आणि बायका ओढणीच्या आडून आमच्याकडे लहान मुलांकडे बघावं तसं बघत होत्या.

साडेदहाच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली. समोरच्या घरातून कोणीतरी तक्रार केली होती की इथे रोज माणसं खोकत पळतात. आरोग्य खात्याचे दोन कर्मचारी, हातात कपाळाला लावायचं तापमापक आणि एक वही. मला जावंच लागलं. जाताना सरांना ओरडून सांगितलं, "मी येईपर्यंत फेरी झाली की तुम्हीच एक मिरची टाका सुपात!" त्यांनी हात वर केला.

फाटकाशी ते दोघं प्रश्न विचारू लागले आणि तिसऱ्या प्रश्नाला त्यांनाच असा ठसका लागला की चौकशी तिथेच संपली. दोन मिनिटांत परत यायला हरकत नव्हती. पण त्यांची वही माझ्या नजरेला पडली. रकाने भलत्याच क्रमाने होते. आधी तापमान, मग वय, मग नाव. मी म्हटलं, असं कसं चालेल? त्यांनी विचारलं, मग कसं? मी पट्टी मागितली. त्यांच्या दोन पानांची मी नवी आखणी करून दिली, वर क्रमांक टाकले, 'शेरा' असा रकाना वाढवला. दोघंही फार खूश झाले. मीही. परत आले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

सूप रिकामं होतं.

मला वाटलं वारा असेल. मग आजीबाईंच्या हाताकडे लक्ष गेलं. त्या सुपातून शेवटची मिरची उचलत होत्या. कट्‌कन देठ खुडून त्यांनी ती ढिगात टाकली आणि सूप माझ्यापुढे धरलं.

"ले ताई, व्हई गयं."

"काय झालं?"

"तुन्ही मिरची. देठसकटच व्हती वं. बाबा एक-एक टाकी ऱ्हायना व्हता, आमी खुडी टाकी. आमनं कामच ते शे."

"किती होत्या?"

"कोन मोजस मिरच्या?" आजी म्हणाल्या. त्यांना खरोखरच नवल वाटलं. माझ्या हातच्या तीन होत्या की चार, हेही मला आठवेना.

तेवढ्यात सर आले. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाणी. मिरची सुपात टाकलेल्या हातानेच त्यांनी घाम पुसला होता. आजींनी त्यांना बसवलं, बोटाला तेल लावून पापणी पुसली आणि म्हणाल्या, "रडू नका बाबा, डॉक्टर अजून दूर शे."

"सर, किती फेऱ्या झाल्या?"

"सुपात बघ."

"सुपातलं खुडलं."

त्यांनी स्वतः सुपात डोकावून पाहिलं. मग दंडावरची पिशवी काढून मला दिली. "मोबाईलमध्ये असेल."

मोबाईल बंद होता. पहाटे लावलेला टॉर्च सरांनी विझवलाच नव्हता. बॅटरीने, नंतर चार्ज केल्यावर कळलं त्याप्रमाणे, सत्तावीस किलोमीटरपर्यंत साथ दिली होती आणि मग प्राण सोडला होता. म्हणजे आयोजकांच्या नियमाने खेळ तिथेच संपला होता. एकाच नोंदीत बेचाळीस आता होणार नव्हते. माझ्या एकोणीस वस्तूंत पॉवर बँक नव्हती. ती विसावी वस्तू होती आणि ती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मी मेडिकलवाल्या भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "ताई, सरांना सांगा, सोडा आता. मेडल तर आलंय ना!"

सरांनी ते ऐकलं. "पाकीट बंद आहे," ते म्हणाले. एवढंच.

मी खाली बसून वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. तीस फेऱ्या नऊ पंचावन्नला. आता अकरा दहा. एका फेरीला सरासरी नऊ मिनिटं. डोळ्याचा वेळ वजा.

"अडतीस झाल्या," मी म्हटलं. "अजून बारा राहिल्या. बारा होतील, सर."

"वहीत काय लिहिलंय?"

"वहीत तीस. पण ते माझ्या..."

"मग तीस."

"सर, हा काही अंधारात मारलेला बाण नाही. साधा भागाकार आहे. पंचाहत्तर मिनिटांत तुम्ही काय झोपला होता?"

"आठवीत तुझ्या आठशेला मी अंदाजाने निकाल दिला असता तर चाललं असतं तुला?"

"माझ्या आठशेचं नाव काढू नका."

"मी काढलं तरी वीस राहिल्या, नाही काढलं तरी वीस," सर म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. "तू मोज. आणि ते सूप ह्या बायांपासून लांब ठेव."

मी सूप ठेवलंच नाही. आजींनाच काम दिलं. त्यांच्यामुळे गेलं होतं, त्यांनीच भरून द्यावं. सर समोरून गेले की आजी हात न थांबवता आकडा ओरडत आणि बाकीच्या जणी तो पुन्हा म्हणत. "एकतीस!" "एकतीस!" मी वहीत लिहीत होते. आता प्रत्येक फेरीला लिहीत होते, जे मी पहाटेपासून करायला हवं होतं.

पस्तीसनंतर सर पळायचे थांबले आणि चालू लागले. अडतीसला ते एका जागी उभे राहिले. पोटरीत गोळा आला होता, तोच जुना. आजी उठल्या आणि ढिगाशेजारी पडलेल्या रिकाम्या पोत्यावर त्यांना झोपवून त्यांनी पोटरी अशी काही चोळली की सर शाळेत ज्या आवाजात शिट्टी मारत त्या आवाजात ओरडले. मला वाटलं, झालं. पहिल्या मॅरेथॉनचा शाप पुन्हा आला. मी पाकीट परत पाठवायला काय लागेल याचा विचार करायला लागले.

"माले म्हसावद दखनं शे," सर पोत्यावरून म्हणाले.

"मंग उठा," आजी म्हणाल्या.

ते उठले.

एक वाजता काकू डबा घेऊन आल्या. बारापर्यंत संपेल असं त्यांना सांगितलं होतं. डब्याच्या पिशवीत त्यांनी ते पाकीटही आणलं होतं. सरांची चाल बघून त्यांनी मला विचारलं, "कितला ऱ्हायना?"

"अकरा."

"तू तर बारा वाजता व्हई जाई म्हने."

मी सगळं सांगितलं. रकान्यांचंही सांगितलं. काकूंनी एकदा माझ्याकडे, एकदा सुपाकडे पाहिलं. मग चप्पल काढून झाडाखाली ठेवली, पदर खोचला आणि सरांच्या बाजूला जाऊन चालायला लागल्या. पहिल्या वळणावर त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला: "म्हनी ऱ्हायनी व्हती ना मी, उघडी टाका म्हनीसन? पंधरा दिन पहिले उघडतात तर आज घर भात खातात!" सरांना बोलायला श्वास उरला नव्हता, आणि काकूंना गेल्या चाळीस वर्षांत अशी संधी मिळाली नसावी. चार फेऱ्यांत त्यांनी सगळं बोलून घेतलं, गच्चीच्या गळतीपासून धाकट्याच्या लग्नापर्यंत. मग धुरळ्याने त्यांनाही ठसका लागला आणि त्या येऊन बायकांत बसल्या. पाचव्या मिनिटाला त्या देठ खुडत होत्या.

शेवटची फेरी बघायला बायकांनी काम थांबवलं. सर वळणावरून आले. डावा पाय सरळ, उजवा बाहेरून फिरवत, फक्कीच्या रेघेपासून चांगले हातभर बाहेर राहून. रेघेला पाय लागू नये म्हणून त्यांनी ते जास्तीचं अंतरही घेतलं.

"पन्नास!" आजी ओरडल्या.

सव्वातीन वाजले होते. मी लिहिलं: पन्नास. माझ्या भागाकाराप्रमाणे अठ्ठावन्न. म्हणजे जवळजवळ एकोणपन्नास किलोमीटर. सरळ रस्त्याने गेले असते तर शहादा ओलांडून म्हसावदच्या वाटेला लागले असते.

काकूंनी पाकीट आणून सरांच्या हातात ठेवलं. सरांनी ते आजींकडे दिलं. आजींनी देठ खुडावा तशी एका झटक्यात कड फाडली, आतली चकती बाहेर काढली, उन्हात धरली, नखाने वाजवली.

"हाई तर पत्रं शे वं!"

"पत्राच आहे," सर म्हणाले आणि मान पुढे केली. आजींनी ते त्यांच्या गळ्यात घातलं. फोटो मी काढला. त्यात सरांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेल्या आहेत. क्लबाच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, 'भावूक क्षण' लिहिलं. सरांनी खाली उत्तर टाकलं: 'मिरची आहे.' मी ते खरं मानते. पुसताना त्यांनी पुन्हा तोच हात वापरला होता.

आयोजकांच्या यादीत सरांच्या नावापुढे सत्तावीस किलोमीटर आणि 'अपूर्ण' असं आलं. भज्यांच्या बशीवाल्यासह आम्ही बाकीचे दहा जण 'पूर्ण' होतो. मी रागाने फोन करणार होते, सरांनी थांबवलं. म्हणाले, "त्यांच्या वहीत जे आहे ते त्यांनी लिहिलं. बरोबर आहे."

काही महिन्यांनी ऑपरेशनं सुरू झाली आणि सरांचा नंबर लागला. आदल्या दिवशी मी दवाखान्यात न्यायच्या वस्तूंची यादी घेऊन त्यांच्या घरी गेले. चौदा वस्तू, पंधरावी चार्जर. मेडल स्वयंपाकघरात सांडशीच्या खिळ्याला लटकत होतं. काकू म्हणाल्या, फीत मजबूत आहे. बूट खरोखरच भांडीवालीकडे गेले होते.

सरांनी माझी वही मागितली. पन्नासवाली पानं काढून त्यांनी बोट फिरवत तीसपासून पन्नासपर्यंत पुन्हा मोजलं. मग शेवटचं कोरं पान उघडलं, माझं पेन घेतलं आणि त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं: 'आठवी, मुली, आठशे मीटर, प्रथम क्रमांक.' पुढे माझं लग्नाआधीचं नाव. खाली सही.

"हे काय?" मी विचारलं.

"मी तेव्हा रेघ नीट पाहिलीच नव्हती," सर म्हणाले. "उन्हाकडे तोंड होतं. पलीकडच्या मॉनिटरने हात वर केला आणि मी शिट्टी मारली. अंदाजाने काढलं नाव. तेव्हापासून डोक्यात आहे. उद्या भूल देणार आहेत, म्हटलं त्याआधी लिहून टाकावं."

पस्तीस वर्षं ज्या ओळीची वाट बघितली ती समोर होती. सहीसकट. मी वही बंद करून पिशवीत टाकायला हवी होती. पण त्या माणसाने माझ्या देखत, माझ्या चुकीमुळे, गेलेल्या गुडघ्यावर आठ फेऱ्या जास्त मारल्या होत्या, फक्त वहीत नव्हत्या म्हणून.

"सर," मी म्हटलं, "मी ओलांडली होती."

"काय?"

"रेघ. शेवटच्या वळणावर. दोन पावलं आत."

 आतून काकूंचा भांड्यांचा आवाज थांबला. मग सरांनी पुन्हा पेन उघडलं, पट्टी मागितली आणि ती ओळ सरळ, नीट, एका रेघेत खोडली.

"दोन की तीन?" त्यांनी विचारलं.

"दोनच."

त्यांनी तसं शेऱ्यात लिहिलं आणि वही मला परत दिली.